थर्मास किती उष्णता खातो? आम्ल-आम्लारी अभिक्रियेची उष्णता मोजण्याची पूर्ण कृती

एफ. वाय.ला असताना हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोड्याचा (म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचा) हा प्रयोग मी पहिल्यांदा केला. उत्तर आलं ५१ किलोज्यूल प्रति मोल. पुस्तकात ५७.१ होतं. शेजारच्या टेबलावर बरोब्बर ५७.१ आलं होतं, कारण तिथे आधी उत्तर घेऊन मागे मागे जात तापमानं लिहिली होती. मी माझी वही घेऊन सरांकडे गेले. त्यांनी आकडे पाहिले आणि एवढंच विचारलं, "अगं, द्रावण गरम झालं, मग थर्मास गरम झाला नाही का?"

पुढे बरीच वर्षं मुलांना हा प्रयोग शिकवताना माझ्या लक्षात आलं, की दहातले आठ जण नेमके त्याच जागी अडकतात. दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावीला एकदम 'कॅलरीमीटर', 'एन्थॅल्पी', 'वॉटर इक्विव्हॅलंट' असे शब्द समोर येतात तेव्हा तर सूत्र पाठ होतं, पण उष्णता नक्की गेली कुठे हे कळत नाही. म्हणून पहिल्यापासून सगळं सांगते.

## १. मोजायचं काय आहे ते आधी ओळखा

थर्मामीटर उष्णता दाखवत नाही, तापमान दाखवतो. उष्णता आपल्याला हिशेबानेच काढावी लागते, आणि हा हिशेब किराणा दुकानातल्या जमाखर्चासारखा आहे. अभिक्रियेतून निघालेली उष्णता तीन ठिकाणी जाते: काही द्रावण घेतं, काही थर्मासची आतली काच, बूच, ढवळणी आणि थर्मामीटर घेतात, आणि थोडी बाहेर निसटते.

द्रावणाचा हिस्सा दहावीच्या सूत्राने निघतो: वस्तुमान × विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, पाण्यासाठी ४.१८ ज्यूल) × तापमानातली वाढ. थर्मासचा हिस्सा वेगळा प्रयोग करून काढावा लागतो (पायरी ४). निसटलेल्या उष्णतेची भरपाई ग्राफवर होते (पायरी ६). बहुतेक जण पहिला हिस्सा काढतात आणि थांबतात. मीही तेच केलं होतं.

अभिक्रिया मात्र अगदी साधी आहे. आम्लातला हायड्रोजन आयन आणि कॉस्टिकमधला हायड्रॉक्साइड आयन एकत्र येऊन पाणी तयार होतं. सोडियम आणि क्लोराइड नुसते बघे असतात. म्हणूनच नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड घेतलं तरी एक मोल पाण्यामागे जवळजवळ तेवढीच उष्णता निघते.

## २. काय काय लागेल

- काचेचा रिफिल असलेला थर्मास, २५० ते ५०० मिलीचा, आणि दोन भोकं पाडलेलं रबरी किंवा थर्माकोलचं बूच
- ०.१ अंशाच्या खुणा असलेला थर्मामीटर
- काचेची ढवळणी (वाकवलेली काचेची कांडी चालते)
- हायड्रोक्लोरिक आम्ल, सोडियम हायड्रॉक्साइडचे पेलेट, ऑक्झॅलिक आम्ल, फिनॉल्फ्थॅलीन
- पिपेट, ब्युरेट, १०० मिलीचं मोजपात्र, दोन-तीन बीकर
- ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन करणारा काटा
- सेकंद दाखवणारं घड्याळ, ग्राफ पेपर, लॉग टेबल
- डोळ्यांना गॉगल, हातात मोजे

यातल्या थर्मासबद्दल दोन गोष्टी. स्टीलचा थर्मास घेऊ नका, कारण हायड्रोक्लोरिक आम्ल स्टीलला खातं. फिजिक्सच्या लॅबमधला लाकडी पेटीतला तांब्याचा कॅलरीमीटरही (उष्णता मोजायचं भांडं) उचलून आणू नका. तो पाण्यासाठी आहे, आम्लासाठी नाही. परदेशी व्हिडिओंमध्ये एकात एक घातलेले थर्माकोलचे कप दाखवतात. प्रयोगाला ते खरंच उत्तम, पण महाराष्ट्रात २०१८च्या बंदीनंतर ते सहजी मिळत नाहीत, आणि काचेचा थर्मास त्यांच्यापेक्षा सरसच ठरतो. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये दुहेरी भिंतीचा निर्वात फ्लास्क बनवला तो प्रयोगशाळेसाठीच. चहा त्यात नंतर आला.

थर्मामीटरच्या बाबतीत मात्र तडजोड करू नका. या प्रयोगात तापमान सहा-साडेसहा अंशांनीच वाढतं. एक-एक अंशाच्या खुणांचा थर्मामीटर असेल तर दोन्ही रीडिंगमध्ये अर्ध्या-अर्ध्या अंशाचा अंदाजपंचे फरक पडतो, म्हणजे सहामागे एक. उत्तरात १५-१६ टक्के चूक तिथेच झाली. बाकी सगळं कितीही नीट केलं तरी ती भरून निघत नाही.

## ३. द्रावणं आदल्या दिवशी करा

आम्ल १ मोलर (एका लिटरमध्ये एक मोल) आणि कॉस्टिक त्याहून किंचित जास्त, १.१ मोलर, असं घ्या. कॉस्टिक जास्त का? सगळं आम्ल संपलंच पाहिजे म्हणून. मग किती मोल पाणी तयार झालं हे फक्त आम्लावर ठरतं, आणि एकाच द्रावणाची तीव्रता अचूक माहीत असली तरी पुरतं.

एक लिटर १ मोलर आम्लासाठी बाटलीतलं ३६ टक्क्यांचं आम्ल साधारण ८६ मिली लागतं. हे काम फ्यूम कपाटात करा, आणि आधी पाणी, मग त्यात आम्ल, हा क्रम कधीही उलटा करू नका. एक लिटर कॉस्टिकसाठी ४४ ग्रॅम पेलेट. विरघळताना पेलेट स्वतःच मोलमागे सुमारे ४४ किलोज्यूल उष्णता सोडतात, त्यामुळे ताजं द्रावण जवळजवळ १० अंशांनी तापलेलं असतं. आदल्या दिवशी करून ठेवण्याचं मुख्य कारण हेच. सकाळी करून दुपारी वापरलं आणि "सुरुवातीचं तापमान ३३ का आलं?" असं विचारणारे दरवर्षी भेटतात.

कॉस्टिक डोळ्यात गेलं तर आम्लापेक्षाही वाईट इजा करतं. बोटांना लागलं तर साबणासारखं बुळबुळीत वाटतं आणि लगेच आग होत नाही, म्हणून दुर्लक्ष होतं. तसं वाटलं की नळाखाली हात धरा, प्रयोग नंतर.

आता आम्लाची खरी तीव्रता काढा. ०.६३ ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल १०० मिली पाण्यात विरघळवलं की ०.०५ मोलर प्रमाण द्रावण मिळतं. कॉस्टिक दहापट पातळ करून त्याचं या द्रावणाशी टायट्रेशन करा, मग त्याच कॉस्टिकने दहापट पातळ केलेलं आम्ल मोजा. बाटलीवरच्या चिठ्ठीवर विसंबू नका. कॉस्टिक हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, त्यामुळे जुन्या बाटलीवर '१ मोलर' लिहिलं असलं तरी आत कमीच असतं. समजा ते ०.९४ निघालं आणि तुम्ही १ धरून गणित केलं, तर आम्लाचे मोलही तेवढेच जास्त धरले जातील, उत्तर ६ टक्क्यांनी खाली येईल आणि दोष तुम्ही थर्मासला देत बसाल.

टायट्रेशनच्या रॅकवरची ०.१ मोलर द्रावणंही इथे चालत नाहीत. तापमान अर्ध्या अंशाच्या आसपासच वाढेल, ते मोजणार कसं? आणि आणखी एक गैरसमज: दोन्ही द्रावणं दुप्पट घेतली म्हणून तापमान दुप्पट वाढत नाही. उष्णता दुप्पट निघते, पण ती घ्यायला द्रावणही दुप्पट असतं. वाढवायची ती तीव्रता.

## ४. थर्मासचा हिस्सा काढा

सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त वगळली जाणारी पायरी ही. रसायनं नकोत, नुसतं पाणी पुरे.

थर्मासमध्ये १०० ग्रॅम साधं पाणी घ्या, बूच लावा, पाच मिनिटं थांबा, तापमान लिहा. बीकरमध्ये पाणी ४५ अंशांच्या आसपास गरम करा, ढवळा, तापमान लिहा आणि त्यातलं १०० ग्रॅम लगेच थर्मासमध्ये ओता. बूच लावून हलकेच ढवळत राहा आणि तापमान टिपत जा.

माझ्या एका वहीतले आकडे देते. गार पाणी २८.४ अंश, गरम पाणी ४५.० अंश, मिसळल्यावर ३६.१ अंश.

गरम पाण्याने दिली: १०० × ४.१८ × (४५.० − ३६.१) = ३७२० ज्यूल
गार पाण्याने घेतली: १०० × ४.१८ × (३६.१ − २८.४) = ३२१९ ज्यूल
फरक: ५०१ ज्यूल

हे ५०१ ज्यूल थर्मासने खाल्ले. तोही पाण्याबरोबर ७.७ अंशांनीच तापला, म्हणून त्याची उष्माधारकता ५०१ ÷ ७.७ = ६५ ज्यूल प्रति अंश. याला ४.१८ने भागलं की १५.६ ग्रॅम येतात. म्हणजे हा थर्मास उष्णतेच्या बाबतीत साडेपंधरा ग्रॅम पाण्यासारखा वागतो. 'वॉटर इक्विव्हॅलंट' म्हणतात ते एवढंच.

आता सापळा पाहा. मिश्रणाचं तापमान ३६.१ऐवजी ३६.० वाचलं असतं तर उत्तर ६५च्या जागी ७७ आलं असतं, आणि ३६.२ वाचलं असतं तर ५४. एका बारीक खुणेने इतका फरक! कारण आपण दोन मोठ्या आकड्यांमधला लहान फरक काढतोय. म्हणून हा प्रयोग निदान तीनदा करा आणि सरासरी घ्या. एकदाच करून मिळालेला आकडा वापरू नका.

गरम पाणी मोजपात्राने न मोजता वजन करून घ्या असं मी म्हणते तेही याचसाठी. ४५ अंशांना १०० मिली पाणी ९९ ग्रॅमच भरतं. एका ग्रॅमचा फरक इतर ठिकाणी सोडून देता येतो, इथे मात्र त्याने ५०१मधले ३७ ज्यूल हलतात. काटा नसेल तर गरम पाणी ओतण्याआधी आणि नंतर थर्मासमधलं पाणी साध्या तापमानाला आणून मोजपात्रात मोजा. वेळ लागतो, पण चालतं.

आणि एकूण पाणी २०० ग्रॅमच ठेवा, कारण खऱ्या प्रयोगातही २०० मिली द्रावण असणार आहे. पाणी जितकं वर चढेल तितकी जास्त काच तापते, म्हणून पातळी बदलली की थर्मासचा हिस्साही बदलतो.

## ५. आम्ल आणि कॉस्टिक एकत्र करा

थर्मास धुऊन, कोरडा करून घ्या. आत राहिलेलं दहा मिली पाणीही द्रावणात मिसळतं आणि हिशेबात धरलेलं नसतं.

१०० मिली आम्ल पिपेटने थर्मासमध्ये घ्या. १०० मिली कॉस्टिक बीकरमध्ये शेजारी ठेवा, पंख्याखाली नको. दर मिनिटाला आम्लाचं तापमान लिहा. तिसऱ्या मिनिटानंतर थर्मामीटर काढून धुवा, पुसा, कॉस्टिकचं तापमान घ्या, पुन्हा धुवा, पुसा आणि परत बुचात बसवा. न धुता एकातून दुसऱ्यात घातला तर टोकाला चिकटलेल्या थेंबांची अभिक्रिया तिथेच होते आणि रीडिंग चढतं.

थर्मामीटर दोन्हींसाठी एकच वापरा. दोन थर्मामीटरमध्ये एकाच पाण्यात बुडवलेले असतानाही ०.३ अंशांचा फरक असू शकतो.

बरोबर चौथ्या मिनिटाला कॉस्टिक एका दमात थर्मासमध्ये ओता, बूच लावा, ढवळायला लागा. थर्मामीटरने ढवळू नका. पाऱ्याचा असेल आणि फुटला तर लॅब रिकामी करावी लागते. पाचव्या मिनिटापासून दहाव्यापर्यंत दर मिनिटाला रीडिंग घ्या. सगळ्यांत वरचं रीडिंग मिळालं की झालं असं समजून थांबू नका, पुढची उतरती रीडिंगच जास्त कामाची आहेत.

## ६. ग्राफ काढा आणि मागे जा

माझी रीडिंग अशी होती. आम्ल तिन्ही मिनिटं २८.६, कॉस्टिक २८.२. दोन्ही सारख्याच प्रमाणात असल्याने सुरुवातीचं तापमान सरासरी २८.४. मिसळल्यानंतर सर्वांत वर ३४.६ पर्यंत गेलं. सहाव्या मिनिटाला ३४.६, आठव्याला ३४.५, दहाव्याला ३४.४.

म्हणजे दर दोन मिनिटांना ०.१ अंश निसटतोय. थर्मामीटरला चढायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात थर्मास थोडा निवतोही. तेव्हा ३४.६ हे खरं शिखर नाही. ग्राफवर उतरत्या बिंदूंमधून पट्टीने सरळ रेष काढा आणि ती मागे चौथ्या मिनिटापर्यंत न्या. तिथे ३४.७ येतं. मिसळताक्षणी, काहीही न निसटता, द्रावण जेवढं तापलं असतं ते हे तापमान.

तापमानातली वाढ: ३४.७ − २८.४ = ६.३ अंश.

पायरी ४मध्येही याच पद्धतीने मागे जायचं. तिथला ३६.१ हा आकडा ग्राफवरूनच आला होता.

## ७. गणित

द्रावणाने घेतली: २०० × ४.१८ × ६.३ = ५२६७ ज्यूल
थर्मासने घेतली: ६५ × ६.३ = ४१० ज्यूल
एकूण: ५६७७ ज्यूल

आम्ल १०० मिली, १.०० मोलर, म्हणजे ०.१०० मोल. ५६७७ ÷ ०.१०० = ५६,७७० ज्यूल, म्हणजेच ५६.८ किलोज्यूल प्रति मोल. उष्णता बाहेर पडली म्हणून एन्थॅल्पीतला (पदार्थांत साठलेल्या उष्णता-ऊर्जेतला) बदल ऋण: −५६.८.

थर्मास आणि ग्राफ दोन्ही सोडून दिले असते तर? २०० × ४.१८ × ६.२ = ५१८३ ज्यूल, म्हणजे ५१.८. माझं पहिल्या वर्षीचं ५१ आलं ते याच वाटेने.

गणितात हमखास होणाऱ्या चुका:

तापमानाच्या *फरकात* २७३ मिळवू नका. ६.३ अंश सेल्सिअसचा फरक म्हणजे ६.३ केल्विनचाच फरक. २७९.३ केल्विन नव्हे.

सल्फ्युरिक आम्ल वापरलं तर एका मोल आम्लातून दोन मोल पाणी तयार होतं. उत्तर आम्लाच्या मोलमागे लिहिताय की पाण्याच्या, हे स्पष्ट करा. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या दुप्पट येतं.

ऋण चिन्ह विसरणं ही फार मामुली चूक वाटते, पण व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) पहिला प्रश्न त्यावरच येतो.

द्रावणाचं वस्तुमान २०० ग्रॅम आणि विशिष्ट उष्माधारकता पाण्याचीच ४.१८ धरली हे बरोबर का, असं कोणी विचारलं तर सांगा: पुरतं बरोबर नाही. तयार होणारं ०.५ मोलर मिठाचं द्रावण पाण्यापेक्षा किंचित जड असतं, आणि त्याची विशिष्ट उष्माधारकता काही टक्क्यांनी कमी असते. दोन्ही चुका विरुद्ध दिशेच्या असल्याने बऱ्याचशा कटतात. राहते ती एक-दोन टक्के.

## ८. पुस्तकाशी उत्तर जुळत नाही, तेव्हा

आधी हे पाहा की पुस्तकातला आकडा कोणत्या तापमानाचा आहे. ५७.१ किंवा ५७.३ हे जुन्या पुस्तकांतले आकडे आहेत. ५७.३ तर जुन्या १३.७ किलोकॅलरीचंच रूपांतर. अतिशय विरल द्रावणांसाठी २५ अंशांना आज स्वीकारलेलं मूल्य ५५.८ आहे, आणि तापमान वाढेल तसं ते आणखी थोडं कमी होतं. आपल्याकडे मार्च महिन्यात लॅबमध्ये तीसच्या आसपास तापमान असतं. तिथे ५७.१च यायला हवं हा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

शिवाय प्रत्येक रीडिंगमध्ये ०.१ अंशाची चूक धरली तर ६.३मध्ये ०.२, म्हणजे सुमारे ३ टक्के. माझं उत्तर प्रामाणिकपणे ५६.८ ± २ असं लिहायला हवं, आणि मी तसंच लिहिते. ५५ ते ५८.५मधलं काहीही आलं तर तुमचा प्रयोग चांगला झाला आहे.

५०-५२ आलं तर बहुधा थर्मासचा हिस्सा राहिला. त्याहून खूप खाली आलं तर आम्लाचं टायट्रेशन पुन्हा करा. ६०च्या वर गेलं तर कॉस्टिक गरम होतं का, थर्मासमध्ये २०० मिलीपेक्षा कमी द्रावण होतं का, हे तपासा. जर्नलमध्ये आलेलं उत्तर लिहा आणि खाली त्यामागचं कारण लिहा. ४९ लिहून त्याखाली "थर्मासची उष्माधारकता मोजलेली नाही" असं लिहिणाऱ्या मुलीला मी पूर्ण मार्क दिले आहेत. उलट्या गणिताने आलेलं ५७.१ ओळखू येतं, कारण त्यातल्या ग्राफवरचे सगळे बिंदू रेषेवर अचूक बसलेले असतात.

## ९. तोच थर्मास, दुसरं आम्ल

थर्मासचा हिस्सा एकदा काढलात की तो पुन्हा काढावा लागत नाही. बूच, ढवळणी आणि पातळी तीच ठेवा. आता हायड्रोक्लोरिकच्या जागी १ मोलर ॲसिटिक आम्ल घ्या आणि पायरी ५ ते ७ जशाच्या तशा करा. हे आम्ल दुर्बल आहे, पाण्यात त्याचे फार थोडे रेणू सुटे झालेले असतात. उरलेले सुटे करायला ऊर्जा खर्ची पडते, म्हणून उत्तर कमी यायला हवं असं पुस्तकं सांगतात, पण २५ अंशांच्या आसपास ॲसिटिक आम्लासाठी ही ऊर्जा जवळजवळ शून्यच असते. फरक इतका लहान असतो की ०.१ अंशाच्या थर्मामीटरने तो दिसत नाही, आणि एका रीडिंगवर विश्वास ठेवला तर चुकून कोणत्याही बाजूला दिसू शकतो. निदान तीनदा करा. फरक ठळक पाहायचा असेल तर कॉस्टिकच्या जागी अमोनिया घ्या. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनियाचं मूल्य ५१-५२च्या आसपास येतं, आणि हे मात्र थर्मास विसरल्यामुळे आलेलं ५१ नसतं. कॉस्टिकसारखाच अमोनियाही आम्लापेक्षा किंचित जास्त घ्या, फ्यूम कपाटाजवळच काम करा, आणि बीकर झाकून ठेवा, नाहीतर अमोनिया उडून जाऊन द्रावण कमजोर होतं.

इंधनाच्या ज्वलनाची उष्णता थर्मासमध्ये मोजता येत नाही, त्याला बॉम्ब कॅलरीमीटर लागतो. जाड पोलादी भांड्यात दाबाखाली ऑक्सिजन भरून नमुना पेटवतात. साखर कारखान्यात बॉयलरला जाणाऱ्या बगॅसचं (उसाच्या चिपाडांचं) उष्मांक मूल्य असंच काढतात. तिथेही पहिली पायरी तुमच्या ओळखीचीच आहे: आधी बेन्झॉइक आम्ल जाळतात, ज्याच्या एका ग्रॅममधून २६.४३ किलोज्यूल निघतात हे ठाऊक असतं, आणि त्यावरून भांडं स्वतः किती उष्णता खातं ते काढून ठेवतात.